आत्तीच्या छातीतली शांतता

शंख छातीला टेकला आणि माझ्या आत्तीच्या बरगड्यांतून कुणीतरी किंचाळलं.

"च्यँऽऽ!"

देवळासमोरच्या मांडवात दीडशे माणसं होती. त्यातली निम्मी घाबरून मागं सरकली, उरलेली निम्मी मोबाइल घेऊन पुढं सरकली. शंखआप्पानं डोळे पांढरे केले.

"ऐकलंसा? बाई हाय. तंबाखूच्या वखारीतनं मागं लागल्या. तिचं एक पायताण हरवलंय."

भूत बाईचं आहे, इथपर्यंत ठीक. पण तिचं पायताण हरवलंय, आणि तेही एकच, हे एका 'च्यँ'वरून कळायला साधनाच हवी.

नागुबाई आत्ती निपाणीजवळच्या आमच्या गावात चाळीस वर्षं विड्या वळते. तीन आठवडे तिला ताप आणि कोरडा खोकला. श्वास ओढला की उजव्या कुशीत सुरी फिरल्यागत कळ. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या मारुतीमामांनी, तिला दवाखान्याऐवजी शंखआप्पापुढं बसवली. मामांनी हायस्कूलच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या आहेत. विज्ञान रोज त्यांच्या हातातून गेलं, ते थेट मोरीत.

शंखआप्पा पूर्वी जत्रेत फुगे आणि खेळणी विकायचा. मग त्याला साक्षात्कार झाला. शिल्लक मालाचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही.

ही तिसरी बैठक. खोटं कशाला बोलू, दुसऱ्या बैठकीनंतर आत्तीची कळ खरंच थांबली होती. मीही गप्प बसलो होतो. पण आज तिला एक वाक्य सलग बोलवत नव्हतं. "युवराज..." एक श्वास. "पाणी..." एक श्वास. "दे रं."

शंख डाव्या बाजूला ओरडला. उजव्या बाजूला टेकवला, तर आवाजच नाही.

"मारुतीराव, उजवीकडं कान लावा."

मामांनी आत्तीच्या पाठीला कान लावला. त्यांचा चेहरा उजळला. "आप्पा, कायसुदिक ऐकू येत न्हाय!"

"व्हय की! उजवं घर रिकामं झालं. डावं घर अवसेला. तवर दवाखाना न्हाय, गोळी न्हाय, सुई न्हाय. सुई टोचलासा तर बाई त्याच भोकातनं परत आत!"

टाळ्या पडल्या. अमावस्या नऊ दिवसांवर होती. आत्तीच्या निळसर ओठांकडं बघून मला नऊ तासांचीही खात्री वाटेना. मी मांडवाबाहेर जाऊन आरोग्य केंद्रातल्या दिपाली सिस्टरना फोन लावला.

सिस्टर अर्ध्या तासात स्कूटर घेऊन आल्या आणि कुणाशी वाद घालायच्या भानगडीत न पडता आत्तीचं मनगट धरून बसल्या. पुरं एक मिनिट. बोटं नाडीवर, पण नजर छातीवर. श्वास मोजतोय म्हटलं की माणूस श्वास बदलतो, म्हणून ही युक्ती.

"मिनिटाला छत्तीस," त्या म्हणाल्या. "मारुतीमामा, तुमचा सोळा-अठरा असंल. बायकांनो, पातळाचा आडोसा धरा बघू."

शंख भरसभेत छातीवर फिरत होता तेव्हा आडोसा कुणाला सुचला नव्हता. मलासुद्धा.

सिस्टरनी दोन्ही तळवे आत्तीच्या पाठीवर ठेवले, अंगठे मणक्याच्या दोन बाजूंना. "आत्ती, जमंल तेवढा श्वास घ्या. मामा, हितं या. माझे अंगठे बघा."

डावा अंगठा श्वासाबरोबर सरकला. उजवा जागच्या जागी.

"ही सगळी नाटकं!" आडोशापलीकडून शंखआप्पा गरजला. "मंत्र लागतोय, मंत्र!"

"आत्ती, एक, दोन, तीन म्हणा."

आत्ती कशीबशी म्हणाली. "डावीकडं हाताला बोलण्याची थरथर लागत्या," सिस्टर म्हणाल्या. "उजवीकडं खाली काहीच नाही. मामा, मांडवात पाण्याचं बॅरल हाय, ते झाकण न काढता बघून या. पाणी कुठवर हाय?"

आमच्याकडं नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. त्यामुळं शाळा शिकलेला असो वा नसो, बॅरल ठोकून पाणी सांगणं प्रत्येकाला येतं. मामांनी बोटाची पेरं वरून खाली आपटली. ठण्. ठण्. थप्प.

"निम्म्यावर हाय."

"आता हे ऐका."

सिस्टरनी डाव्या हाताचं मधलं बोट आत्तीच्या पाठीवर सपाट ठेवलं आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर ठोकलं. डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत पोकळ आवाज. उजव्या बाजूला खांद्याजवळ पोकळ. मग खवाट्याच्या, पाठीवरच्या त्या पसरट हाडाच्या खाली, थप्प. आणखी खाली, थप्प.

आडोशाआडून तो आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला नसेल, पण मामांचा आवाज गेला.

"पाणी," मामा म्हणाले. "सिस्टर, हिच्या छातीत पाणी हाय."

हे त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं.

"तसंच वाटतंय. फोटो काढून डॉक्टर पक्कं सांगतील, पण आज, आत्ताच्या आत्ता." सिस्टरनी स्टेथोस्कोप लावून दोन्ही बाजू ऐकल्या आणि तो कानांतून काढला. "फुप्फुसावर दोन पापुद्रे असतात. ते सुजून एकमेकांवर घासत होते, म्हणून कळ. मधी पाणी साचलं, घासायचं थांबलं, कळ गेली. ती आजार वाढला म्हणून गेली, मामा. आणि तुम्हाला काही ऐकू आलं नाही, कारण तिथं हवाच शिरत नव्हती. छातीतली शांतता ही काय आनंदाची बातमी नसते."

"मग डावीकडनं वराडली ती कोण?" शंखआप्पानं छाती काढली. "हाय उत्तर?"

मी त्याच्या हातातून शंख घेतला आणि विजेच्या खांबाला दाबला.

"च्यँऽऽ!"

खांबाला भूत लागलं होतं. बॅरलला लावला, बॅरललाही लागलं होतं. शंखआप्पाच्या ढेरीवर दाबला, तर तिथली बाई सगळ्यांत जोरात ओरडली. तिरका करून टेकवला की मात्र गप्प. मी शंखाच्या तोंडात बोट घालून ओढलं. आतून पिवळं रबरी बदक निघालं. सरळ दाबलं की चेपतं आणि ओरडतं, कड टेकवली की चेपत नाही. शिल्लक मालाचं कोडं सुटलं.

मागच्या रांगेतल्या नागोजीनं विचारलं, "म्हंजे भूत बदकाला लागलंय व्हय रं?"

कुणी हसलं नाही, कारण तेजस्वी उभी राहिली होती. मष्णूआप्पाची सून. गेल्या महिन्यात मष्णूआप्पाची छातीही अशीच शांत झाली होती. ह्याच मांडवात आम्ही पेढे वाटले होते. मी दोन खाल्ले होते. आठव्या दिवशी मष्णूआप्पाचा श्वासच थांबला, आणि शंखआप्पा म्हणाला होता की घरच्यांनी पथ्य मोडलं. तेव्हापासून गाव त्या पोरीकडं संशयानं बघत होतं.

तिनं माझ्या हातातलं बदक घेतलं. दाबलं नाही.

"आमच्या आप्पाचं घर रिकामं झालं म्हणालतास," ती शंखआप्पाला म्हणाली. "झालं की. चल आता पोलीस स्टेशनला. हे घेऊन चल."

त्या दिवशी पहिल्यांदा गाव तिच्या मागून चाललं.

दवाखान्यात आत्तीच्या छातीतून सुईनं सव्वा लिटर पाणी निघालं. सुईच्या भोकातून कुणी बाई आत गेली नाही. तपासणीत क्षय निघाला. सहा महिन्यांच्या गोळ्या, सरकारी, रोजच्या रोज. मामा रोज सकाळी गोळी तिच्या हातावर ठेवतात आणि ती गिळेपर्यंत समोरून हलत नाहीत.

मष्णूआप्पाच्या पाठीवर कुणी बोट ठोकलं असतं, तर तेही आज कट्ट्यावर बसून मला शिव्या देत असते. एवढंच करायचं होतं. बघायचं, हात लावायचा, ठोकायचं, ऐकायचं. गंजलेलं बॅरल आपण ठोकल्याशिवाय भरलं म्हणत नाही. आणि आपलं माणूस बरं झालं, हे मात्र एका बदकाच्या सांगण्यावरून मानतो. पुढच्या वेळी पेढा तोंडात टाकायच्या आधी ठोकून बघा.