डाव्या पंखातली पिशवी

मी डेल्विन. नेब्रास्कातल्या आमच्या लहानशा धावपट्टीवर विमानं दुरुस्त करतो. विमानं म्हणजे शेतकऱ्यांची, चार माणसं बसतील एवढी, आणि बहुतेक सगळी माझ्यापेक्षा वयानं मोठी.

ल्युमिर सेडलाचेकचं विमान १९५८ सालचं. गेल्या एप्रिलमध्ये तो आणि त्याची बायको आर्लीन माझ्याकडे आले ते भांडतच.

"याला सांग रे डेल्विन, आत पेट्रोलचा वास येतोय. माझा स्वेटरसुद्धा घमघमतोय!"

"हिच्या नाकाला कशाचाही वास येतो," ल्युमिर म्हणाला.

मी डाव्या पंखाखाली वाकलो. पांढऱ्या रंगावर निळा ओघळ होता. विमानाचं पेट्रोल निळं असतं, त्यामुळे गळती लपत नाही.

या जुन्या विमानांच्या पंखात पेट्रोलसाठी रबराची मोठी पिशवी असते. पेट्रोलनं भिजलेली राहिली तर पंचवीस-तीस वर्षंही टिकते. पण आर्लीनच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे हे विमान सलग दोन हिवाळे रिकामं उभं होतं. रबर सुकून तडकलं होतं.

"बदलावी लागणार," मी म्हणालो. "कधी बसवलेली?"

"लेकीच्या लग्नाआधी," आर्लीन म्हणाली. "आता तिची पोरं कॉलेजात जातात."

ल्युमिर वाकून पंखाखालचा ओघळ रुमालानं पुसायला लागला.

पंखाला ताटाएवढं एक भोक असतं, त्यातूनच सगळा कारभार. जुनी पिशवी वाळक्या पानासारखी कडकडत तुकड्यातुकड्यांनी बाहेर आली. आतली पत्र्याची प्रत्येक कड मी चिकटपट्टीनं झाकली, नाहीतर नव्या रबराला ती कापते. नवी पिशवी आली, पण माझ्या गारठलेल्या शेडमध्ये ती फळीसारखी ताठ झाली. घडी घालायची तर तिला ऊब हवी.

"घरी न्या आणि गरम ठेवा," मी सांगितलं.

सकाळी दोघं तिला गोधडीत गुंडाळून, बाळासारखी छातीशी धरून घेऊन आले.

"रात्रभर हिला पलंगावर विजेच्या ब्लँकेटखाली निजवली," आर्लीन म्हणाली. "आणि हा सोफ्यावर. लग्न झाल्यापासून एवढी शांत झोप मला लागली नव्हती. ही घोरत नाही!"

पिशवी मऊ होती तोवर आम्ही तिची घडी करून ती भोकातून आत सारली. इथपर्यंत छान. आता ती आत पसरून चहूबाजूंनी दाबबटणांनी पंखाच्या छताला टांगायची, तीही न बघता, नुसती चाचपून. माझे हात कुंपणाच्या खांबाएवढे जाड. शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचेचनात. ल्युमिरनं प्रयत्न केला आणि त्याचं कोपर अडकलं.

"साबण आणू का रे?" हसून हसून आर्लीनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिचा स्वतःचा हात आखूड पडत होता. इकडे पिशवी पुन्हा गार व्हायला लागली.

"मर्नाला फोन लावते," आर्लीन एकदम म्हणाली.

डॉक्टर मर्ना म्हणजे आमच्या भागातली गुरांची डॉक्टर. उंच, सडपातळ, आणि हात असे लांब की शर्टाच्या बाह्या कधी पुऱ्या पडत नाहीत. गाई विण्याचे दिवस होते. कुणाच्या तरी गोठ्यातून ती तशीच गमबुटांवर आली, खसाखसा हात धुतले, स्टुलावर चढली आणि खांद्यापर्यंत हात पंखात घातला. गाल पत्र्याला टेकवून डोळे मिटले.

"हं. इथं दुमडलीय... थांबा." टक्! "वासरू सरळ आहे, काळजी करू नका."

प्रत्येक 'टक्' झालं की ल्युमिर डोक्यावरची टोपी काढून तिला मुजरा करायचा.

"सुरकुत्या राहिल्या तर चालतील?" तिनं विचारलं.

"अजिबात नाही. त्यांच्यात पाणी साचतं, आणि वर गेल्यावर इंजिनाला ठसका लागतो."

मग तिनं आतून तळहात फिरवत राहून सगळं सपाट केलं, आजारी जनावराची पाठ थोपटावी तसं.

पेट्रोल भरून विमान रात्रभर ठेवलं. सकाळी पंखाखाली एक थेंब नव्हता. ल्युमिरनं आर्लीनचे हात धरले आणि नव्या गुडघ्यासकट तिला शेडभर पोल्का नाचवली. मी डब्यावर ताल धरला.

"तुला काय देऊ, सांग," ल्युमिरनं मर्नाला विचारलं.

"मला एकदा वर ने. इथल्या प्रत्येक गाईला मी आतून बघितलंय. आपलं गाव काही वरून बघितलेलं नाही."

रविवारी निघालो. ती पुढे ल्युमिरशेजारी, मी आणि आर्लीन मागे, मांडीवर कोलाचेंचा, म्हणजे आलुबुखार भरलेल्या गोड पावांचा डबा. नदी ओलांडली आणि मर्ना ओरडायलाच लागली.

"ती बघा, नोवाकची काळी! जुळी झाली तिला! आणि तो कुंपण तोडणारा बैल... अगं बाई, आजही बाहेरच आहे!"

ल्युमिर तिच्यासाठी प्रत्येक गोठ्यावरून घिरट्या घालत होता. माणसं अंगणात येऊन हात हलवत होती. मर्ना काचेला नाक लावून दोन्ही हातांनी त्यांना उत्तर देत होती. आर्लीननं माझा हात दाबला. तिचे डोळे भरून आले होते, तरी ती हसत होती.

उतरलो. विमान थांबलं, पण मर्ना काही पट्टा सोडेना.

"झालं, डॉक्टर," ल्युमिर म्हणाला. "उतरा आता."

"दक्षिणेकडचे गोठे राहिले ना अजून!"

ल्युमिरनं मागे वळून आमच्याकडे बघितलं. आर्लीननं डब्यातला एक कोलाचे काढून त्याच्या हातात दिला आणि धावपट्टीकडे बोट दाखवलं. त्यानं तो तोंडात धरला, आणि विमान पुन्हा वळवलं.