मालकाच्या जोखमीवर

मी एक रबरी शिक्का. इतकं सलग मी आज पहिल्यांदाच बोलतोय. एरवी मला एकच वाक्य येतं: ‘माल मालकाच्या जोखमीवर’. माझ्या तोंडावर ते उलटं कोरलंय. दुसरं काही म्हणायची मला सोयच नाही.

अंधेरी स्टेशनाजवळच्या एका टपरीत मला बनवलं आणि त्याच संध्याकाळी मी घरसामान हलवणाऱ्या एका कंपनीत आलो. तिथे करारनामे तयार करायचे मधुकरकाका. टेबलाचा वरचा खण हे माझं घर. त्याला कुलूप. किल्ली काकांच्या खिशात. दर शनिवारी ते जुन्या टूथब्रशनं माझी अक्षरं साफ करायचे. त्यांचा हात हलका होता. माणूस गरीब, कुणाला उलट न बोलणारा.

काकांनाही एकच वाक्य येतं, असं मला वाटायचं: ‘सही इथे करा, यादी नंतर भरतो.’

घर हलवणारी माणसं घाईत असतात. एक हात गॅसच्या शेगडीवर, दुसरा पोराच्या दप्तरावर. त्यांच्यापुढे सामानाची कोरी यादी यायची आणि ते सही करून मोकळे व्हायचे. मग काका सावकाश यादी भरत. कपाट: जुने, ओरखडे. टीव्ही: जुना, ओरखडे. कालच दुकानातून आणलेला पंखासुद्धा जुना, ओरखडे. वाटेत काही फुटलं तर कंपनीनं म्हणायचं, आधीपासूनच तसं होतं. शेवटी माझा ठप्पा. लोक नंतर कागद घेऊन तणतणत यायचे. मी खणातल्या अंधारात सगळं ऐकायचो. ओरडता येत असतं तरी ओरडून काय सांगणार होतो? तेच वाक्य.

मग काकांचीच बोरीवलीची इमारत पुनर्विकासाला गेली. मुलुंडला भाड्याची जागा ठरली. गाडी आमच्याच कंपनीची. त्या दिवशी काकांनी मला शाईच्या डबीसकट पिशवीत घालून घरी नेलं. भाडेकरार त्यांच्या पत्नीच्या, कुंदाताईंच्या नावावर होता, म्हणून सामानाच्या करारावर सहीही त्यांचीच हवी होती.

काकांनी सवयीनं कागद पुढे केला. “सही इथे कर, यादी नंतर भरतो.”

“अहो, कोरी आहे की ही!”

“सगळे अशीच करतात गं.”

“सगळ्यांच्या घरी घरघंटी आहे का?”

खोलीत शेवटची तीच उरली होती. त्या घरघंटीवर कुंदाताई बारा वर्षं शेजाऱ्यांना भाजणी दळून देत होत्या. मुलुंडलाही त्याच कमाईवर उभं राहायचं होतं.

“हिच्यापुढे काय लिहिणार तुम्ही?”

हमालांचा मुकादम मिथुन हसून म्हणाला, “काकू, काका काय लिहिणार ते आपल्याला पाठ आहे. जुनी, ओरखडे!”

कुंदाताईंनी डब्यातले मूठभर गहू घंटीत ओतले आणि बटण दाबलं. रिकाम्या खोलीत घरघर घुमली. कोमट पीठ त्यांनी तळहातावर घेऊन काकांच्या नाकासमोर धरलं. “लिहा. चालू स्थितीत.”

काकांनी लिहिलं. “मिथुन, तूही सही कर,” असंही म्हणाले. कुंदाताईंनी आणि मिथुननं सह्या केल्या. तेवढ्यात फोन वाजला. कंपनीचे मालक, केतनशेठ. “काका, शिक्का मारला की लगेच कळवा. शिक्का नसेल तर गाडी हलणार नाही. तुम्ही घरचे असलात तरी नियम एकच.”

काकांनी मला शाईवर दाबलं. तोच कुंदाताईंनी मला हिसकावून घेतलं. “बघू, काय आहे यावर? सगळं उलटंच.”

“छापल्यावर सुलटं दिसतं.”

“छापल्यावर कुणी वाचायला देतं का पण?”

त्यांची पिठाची बोटं माझ्या ओल्या तोंडावरून फिरली. अक्षरांच्या फटींत पीठ बसलं. काकांनी ते पाहिलं. टूथब्रश पिशवीतच होता. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मला तसंच कागदावर दाबलं. नुसता जांभळा डाग उमटला.

“मारला शिक्का, शेठ,” काका फोनवर म्हणाले.

मुलुंडला उतरवताना घरघंटी जिन्यात आदळली आणि मोटर बंद पडली. दुसऱ्या दिवशी केतनशेठ खणाजवळ येऊन म्हणाले, “काका, जुनीच होती ना?”

“चालू होती. यादीत लिहिलंय. मुकादमाची सही आहे.”

“आणि हा डाग कसला? ‘मालकाच्या जोखमीवर’ कुठे आहे?”

काकांनी कागद मागे घेतला नाही. मग शेठ म्हणाले, “करून घ्या दुरुस्त कंपनीतर्फे. आणि नवीन शिक्का बनवा.”

आता मी खणाच्या तळाशी आहे. पीठ सुकून दगड झालंय. मला माझं एकुलतं एक वाक्यही येत नाही. वर नवा शिक्का राहतो, त्याच टपरीतला, माझंच तोंड घेऊन आलेला. तो रोज बाहेर जातो, ठप्प वाजतो, परत येतो. बिचाऱ्याला अजून कळलेलं नाही, आपण कुठे अडकलोय ते.

पण हल्ली त्या ठप्प आवाजाआधी बराच वेळ शांतता असते. कागद उलटण्याचा आवाज येतो. आणि काका कुणाला तरी सांगत असतात, “आधी यादी भरू. तुम्ही वाचा. घाई नाही.”

तुमच्या दारात गाडी उभी राहील तेव्हा तुम्हीही वाचा. मला आता बाहेर काढू नका, धुऊही नका. दुपारी काकांचा डबा उघडतो, फटीतून ताज्या भाजणीच्या थालीपिठाचा वास आत येतो. तेवढा मला पुरतो.