गुरुवारपर्यंतचा कागद

मित्रांनो, मी एक जुना फॅक्स आहे. टेलिफोन आणि फॅक्स एकाच अंगात असलेला, पांढरा, आता पिवळा पडलेला. ओसाकाजवळच्या कारखान्यात १९९२ साली माझा जन्म झाला. तिथून मी टोकियोतल्या ओजिमा भागात, सत्यजित आणि सुप्रभा यांच्या सातव्या मजल्यावरच्या घरी आलो. सत्यजित विद्यापीठात संशोधक होते. सुप्रभाताई एका बेकरीत अर्धवेळ काम करीत.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. पुण्याहून पत्रिका आली, बाळाच्या पायाचा ठसा आला, तेव्हा शेजारची मंडळी मला बघायला येत.

सुप्रभाताईंचा धाकटा भाऊ मोरेश्वर अमेरिकेत होता. तरुणपणी एका मित्रासाठी त्याने खोट्या कागदांवर सही केली होती आणि त्याबद्दल वर्षभराची शिक्षाही भोगली होती. पुढे त्याचे लग्न झाले, मुलगी झाली. नुपूर तिचे नाव. पण १९९६ साली तिथला कायदा कडक झाला, जुना गुन्हा पुन्हा वर आला आणि मोरेश्वरला देश सोडण्याचा हुकूम झाला. शमा नावाच्या वकीलबाईंनी अपील न्यायालयात दाद मागितली. त्यांचे फॅक्स माझ्यातूनच येत.

पुढच्या उन्हाळ्यात माझा कागद संपत आला. कडेला लाल रेघ दिसू लागली. सुप्रभाताई म्हणाल्या, "अहो, रोल आणायला हवा."

"सेंदाईहून आल्यावर आणू," सत्यजित म्हणाले. सोमवारी सकाळी दोघे चार दिवसांसाठी सेंदाईला परिषदेला गेले.

त्याच दिवशी शमाताईंचा फॅक्स आला. बहिणीचे सही केलेले निवेदन गुरुवारपर्यंत हवे होते; निकाल लागेपर्यंत मोरेश्वरला राहू द्यावे, असा अर्ज त्यासोबत करायचा होता. मी दोन ओळी छापल्या आणि कागद संपला. त्यानंतर तीन दिवस मी वाजत राहिलो. घरात कोणी नव्हते.

शुक्रवारी सुप्रभाताई परतल्या. त्या दोन ओळी वाचून चप्पल न काढताच रोल आणायला धावल्या. निवेदन गेले, पण अर्ज त्याच्याशिवायच दाखल झाला होता. तो फेटाळला गेला.

आठवड्याने मी वाजलो. मोरेश्वर बोलत होता.

"ताई, इथे टोकियोच्या नरिता विमानतळावर आहे ग. पाऊण तासात भारताचं विमान. बाहेर सोडत नाहीत."

"जेवलास का रे?" सुप्रभाताईंनी विचारले.

"जेवलो. नुपूरला धड सांगताही आलं नाही, ताई."

एवढ्या जवळ येऊनही बहीणभावाची भेट झाली नाही.

निकाल लागला सात महिन्यांनी. अकरा पाने आली. तिन्ही न्यायाधीशांनी लिहिले होते की, नव्या कायद्याने असे प्रकरण ऐकण्याचा अधिकारच त्यांच्याकडे ठेवलेला नाही. शमाताईंनी फोन केला.

"सुप्रभाताई, मनाला लावून घेऊ नका. तुमचं निवेदन वेळेवर आलं असतं तरी निकाल हाच लागला असता."

"निकाल हाच लागला असता," सुप्रभाताई हळूच म्हणाल्या, "पण हे सात महिने तो नुपूरजवळ असता."



नुपूर तेव्हा नऊ वर्षांची होती आणि आईजवळ अमेरिकेतच राहिली होती. वडिलांसाठी ती माझ्याकडे चित्रे पाठवी. माझ्या कागदावरची अक्षरे काही महिन्यांत विरून जातात, म्हणून सुप्रभाताई कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, म्हणजे दिवसरात्र उघड्या असणाऱ्या दुकानात, चित्राची प्रत काढून ती टपालाने सांगलीला मोरेश्वरकडे धाडत. एकदा चित्राखाली नुपूरने इंग्रजीत विचारले होते, "आत्या, त्या न्यायाधीशांनी बाबांना पाहिलं होतं का?"

सुप्रभाताईंनी ती ओळ पुन्हा वाचली. मग त्यांनी उत्तर लिहिले, "नाही, बाळा. त्यांनी फक्त कागद पाहिले."

ते उत्तर मीच पाठवले. इतके जड पान मी कधी ओढले नव्हते.

आता १९९९ साल आहे. घरी संगणक आला. टाकून द्यायच्या मोठ्या सामानावर लावतात ती कचऱ्याची चिठ्ठी माझ्यावर लागली आहे आणि मी इमारतीखाली कचरागाडीची वाट पाहतो आहे. माझी तक्रार नाही. मित्रांनो, एकच मागणे आहे. दूरच्या कुणासाठी तुमचे चार शब्द मागितले गेले, तर ते त्याच दिवशी द्या. जिथे त्याचा निर्णय होतो, तिथे तो माणूस उभा नसतो. त्याच्या जागी तुमचे शब्दच उभे असतात.