ओल्या मैदानावरची गिरकी

मी एक जुनी, राखाडी रंगाची गाडी आहे. मित्रांनो, गाड्यांनाही भीती वाटते. माझी भीती मी आज तुम्हाला सांगणार आहे.

कारखान्यातून निघाले ती एका छापखानेवाल्या काकांकडे आले. त्यांच्या बोटांना कायम शाई असायची. माझ्या स्टिअरिंगला हात लावण्याआधी ते बोटे घासून पुसत. "हिच्यासारखी गुणी गाडी नाही," असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

मग काकांना अर्धांगवायू झाला. उजवा हात लुळा पडला. मी शेडमध्ये धूळ खात उभी राहिले. माझे टायर उन्हाने कडक झाले, त्यांना चिरा पडल्या. कोणी वाकून पाहिले नाही.

हाताच्या व्यायामासाठी काकांना शेजारच्या गावी दवाखान्यात न्यायचे होते. काकूंनी मला बाहेर काढले. पावसात एका वळणावर माझी मागची चाके सरकली. काकूंनी घाबरून ब्रेक गच्च दाबला. चाके जाम झाली की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी ऐकत नाही. मी गरकन फिरले आणि कालव्याच्या काठावर थांबले. माझे एक चाक हवेत होते आणि खाली गढूळ पाणी होते.

त्यानंतर काकूंनी किल्ली कपाटात टाकली. व्यायाम बंद पडला. काकांची बोटे पुन्हा आखडू लागली. डॉक्टरांनी बजावले, की आणखी खंड पडला तर हात कायमचा जाईल.

शेवटी त्यांच्या मुलीने मला नवे टायर बसवले आणि आईचे नाव गाडी सावरायला शिकवणाऱ्या वर्गात घातले. वर्ग एका ओस पडलेल्या विमानतळावर भरे. शिकवणाऱ्या बाई पूर्वी रुग्णवाहिका चालवत. त्यांनी जमिनीवर साबणाचे पाणी ओतून घेतले. ते पाहूनच माझ्या इंजिनात धडधडू लागले.

काका हट्टाने पुढे बसले, बाई मागे. मी घसरले. काकूंनी डोळे मिटून ब्रेक दाबला आणि मी तश्शीच गरगरले. पुन्हा तेच. दर वेळी काका श्वास रोखत आणि ब्रेक नसलेल्या जागी पाय रोवत. त्यांचा पाय हलला, की काकूंचाही पाय ब्रेकवर जाई.

काकूंनी मला थांबवले. "तुम्ही उतरा," त्या हळूच म्हणाल्या. "तुमचीपण भीती मला पेलत नाही."

काका डाव्या हाताने दार उघडून उतरले.

बाई पुढे येऊन बसल्या. कडेला दिव्याचा एक खांब होता, काकूंची नजर त्यावरच खिळली होती. "खांबाकडे बघू नका. जिकडे जायचंय तिकडे बघा. आणि ब्रेक सोडा."

घसरताना ब्रेक सोडायचा! माझेच मन मानेना. चाके सरकली. या वेळी काकूंचे डोळे उघडे होते. त्यांचा पाय ब्रेकवर गेला आणि तसाच उचलला गेला. माझी चाके फिरू लागली. टायरांनी जमीन धरली. स्टिअरिंग वळले तशी मी वळले.

आता काकू काकांना नियमित दवाखान्यात नेतात. पाऊस आला की त्यांचे तळवे अजून घामेजतात. भीती गेलेली नाही, पण तिला घेऊनच त्या मला चालवतात.

मित्रांनो, घाबरणाऱ्या माणसाला हसू नका, त्याला सुरक्षित जागी शिकू द्या. आणि घरच्या गाडीचे टायर कधीतरी वाकून बघा. आम्हाला ओरडता येत नाही. आम्ही फक्त घसरतो.