निराधार बाईंची दुभाषी

त्या शनिवारी आई नेहमीसारखीच निराधार होती. सकाळी मुलीने केलेला चहा "पाणचट झालाय" म्हणत दोनदा प्यायली, मुलीच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून "ब्रेक जरा आधी दाबावा माणसाने" असं शिकवत राहिली, आणि कारखान्याच्या अलीकडच्या कोपऱ्यावर उतरून एकटीच, किंचित वाकून चालायला लागली. एरवी ती ताठ चाले. वाकणं त्या कोपऱ्यापासून सुरू होई. मुलीने थोडं थांबून मागून यायचं, असं ठरलेलं होतं.

कारखाना म्हणजे गोदामाच्या वरची एक लांबट खोली. लोकांनी टाकलेल्या कपड्यांच्या तिथे पिशव्या, अभ्रे आणि एप्रन होत. जुन्या कपड्यांना आणि परदेशातून आलेल्या बायकांना एकाच छपराखाली नवं आयुष्य द्यायचं, अशी संस्थेची कल्पना होती. कपड्यांना अट एवढीच, की ते धुतलेले असावेत. बायकांची अट जरा कडक होती. त्या निराधार असाव्या लागत.

वडील गेल्यापासून आईला घर खायला उठलं होतं. मुलगी ऑफिसला गेली की ती तिची कपाटं लावी, आणि संध्याकाळी मुलीला काही म्हणून सापडत नसे. त्यातून शिलाईमशीनवर आईचा जीव. तेव्हा पहिल्या दिवशी "घरी कोण आहे?" असं विचारल्यावर तिने नकारार्थी मान हलवली.

"खोटं बोललीस?" मुलीने घरी विचारलं होतं.

"मी कुठे बोलले? नुसती मान हलवली. लिहून त्यांनी घेतलं."

पुढे संस्थेला शनिवारपुरती दुभाषी हवी झाली. ती नात्यातली नको, कारण नातेवाईक पदरचं घालून सांगतात, असा तिथला अनुभव होता. आईने मोडक्यातोडक्या भाषेत आपल्या गल्लीतली एक मुलगी सुचवली. गप्प असते, पण शब्द बरे वापरते. गप्प मुलीने ढीगभर पुस्तकं वाचली होती. असली सोंगं फार टिकत नाहीत, असं तिचं मत होतं. हे तीन वर्षं टिकलं.

संचालिकेला बायका आपापसांत कळवळाताई म्हणत. त्या शनिवारी कळवळाताई देणगीदार पाहुणे घेऊन आल्या, आणि आईच्या टेबलावर त्यांनी एक कोरी जीन्स ठेवली. तिचं लेबलही कुणी काढलं नव्हतं.

"हिला आपण नवं आयुष्य देऊ या," त्या म्हणाल्या.

"हिचं जुनं तरी कुठे सुरू झालंय," आई म्हणाली आणि कात्री लावली.

"त्यांना फार आनंद होतोय," मुलीने भाषांतर केलं.

मग नेहमीचा प्रश्न आला. या देशात येईपर्यंत काय काय सोसलं?

आई सुईत दोरा ओवत म्हणाली, "सांग, समुद्र खवळला होता."

"मागच्या खेपेला नदी होती," मुलगी हळूच म्हणाली.

"मग नदी कुठे जाते? समुद्रालाच मिळते ना?"

"आई, आपण विमानाने आलो. पाय आखडले म्हणून तू सगळ्यांचं डोकं खाल्लंस."

"आई म्हणू नकोस, बाई म्हण. आणि होडी लहान होती म्हणून सांग. पाय आखडले, तेही सांग. ते खरंच आहे."

शेजारी काजं करणाऱ्या मावशींनी तोंडात कापड कोंबून हसू दाबलं. ते पाहून एका पाहुण्याला गहिवरून आलं.

"शेवटचं सांग," आई म्हणाली. "माझं या जगात कुणी नाही."

दुभाष्याने बोलणाऱ्याच्या तोंडचंच बोलायचं, पदरचं काही नाही, असा दंडक होता. "माझं या जगात कुणी नाही," मुलगी म्हणाली. टेबलावरच्या पिशव्या बघता बघता संपल्या.

परतताना आई पुढच्या सीटवर ताठ बसली होती. "आज आवाज छान लागला तुझा," ती म्हणाली. "'कुणी नाही'ला जरा थांबलीस ना, तिथे."

रविवारी दुपारी ती झोपली ती उठलीच नाही.

सोमवारपासून निराधार बायका आपापले नवरे, मुलगे आणि सुनांना घेऊन भेटायला आल्या. खुर्च्या पुरेनात. मावशींचा नवरा भिंतीला टेकून उभा राहिला. तोही मावशींना त्याच कोपऱ्यावर सोडायचा.

कळवळाताईंना मुलीने फोन केला तेव्हा सवयीने तोंडून निघालं, "बाई गेल्या." पलीकडे त्या खरंच रडल्या. मग म्हणाल्या, "तिचं कुणीच नव्हतं गं. सगळं आपल्यालाच करायला हवं." त्यांनी शनिवारी श्रद्धांजली ठेवली. घरमालकाकडून बाईंचे कपडे मिळाले तर बरं होईल, त्यांच्या पिशव्या करू, बाईंच्या नावाने विकू.

"बघते," मुलगी म्हणाली.

नाही म्हणायचं तर आधी नातं सांगायला हवं होतं. आणि नातं सांगितलं, की बाकीच्यांच्याही घरी चौकशीला कुणीतरी गेलं असतं. आठवडाभर तिने तोंडात मिठाची गुळणी धरली. शुक्रवारी आईचं कपाट उघडलं. सगळ्यात वरचं उचललं, एका पिशवीत घातलं, आणि आत काय आहे ते पुन्हा पाहिलं नाही.

शनिवारी जिन्यातच मावशींनी तिला गाठलं. "आणलेस?"

"'बघते' म्हणून बसले होते."

"तिच्यासारखी नाहीसच तू. तिला कुणी काही कापायला मागितलं असतं तर उलट त्यांच्याकडूनच दोन मीटर कापड घेऊन आली असती." मावशींनी पिशवीकडे पाहिलं. "आमची काळजी नको करूस. आमचं निराधारपण आम्ही सांभाळू. त्याला बरीच माणसं आहेत."

वर आईचा मोठा केलेला फोटो लावला होता. ती त्यात वाकून बसली होती. कळवळाताई बोलत होत्या आणि मुलगी एकेक वाक्य बायकांच्या भाषेत आणत होती. ती एकटी आली. एकटी राहिली. समुद्राने तिचं सगळं नेलं, पण जिद्द नेता आली नाही. बायका माना खाली घालून ऐकत होत्या. "एकटी गेली," मुलगी म्हणाली, आणि मावशी पुटपुटल्या, "घर भरून माणसं होती."

मग कळवळाताईंनी पिशवीत हात घातला. आईचा निळा स्वेटर वर आला. कोपराशी लोकर पातळ झाली होती, बाह्या अजून दुमडलेल्याच होत्या. भांडी घासताना ती दुमडायची, नंतर सोडायला विसरायची. एका खिशातून हातरुमाल बाहेर लोंबत होता. कळवळाताईंनी स्वेटर टेबलावर पसरला, बाह्या हलक्या हाताने सरळ केल्या, आणि मोठी कात्री घेतली.

"पहिला काप आपण सगळ्यांच्या साक्षीने घेऊ," त्या म्हणाल्या आणि भाषांतरासाठी थांबल्या.

पाहुणे आदराने वाट पाहत राहिले. कळवळाताईंनी तेच वाक्य सावकाश पुन्हा म्हटलं.

"ती माझी आई," मुलगी त्यांच्या भाषेत म्हणाली.

कळवळाताईंचे डोळे भरून आले. डाव्या हाताने त्यांनी तिचा खांदा दाबला. "खरंय," त्या म्हणाल्या. "आपल्या सगळ्यांचीच आई होती ती." आणि कात्री उघडली.

मुलीने स्वेटरवर हात ठेवला.

"सगळ्यांची नाही," ती म्हणाली. "माझी. मला जन्म दिला तिने. माझ्याच घरी राहत होती."