साठ मीटरवरची नावं

मंगळवारी संध्याकाळी सव्वासातला शालनबाईंनी आपल्या मुलीचं नाव रेडिओवर ऐकलं. पण ती यादी सापडलेल्यांची होती की बेपत्ता झालेल्यांची, ते त्यांना कळलं नाही.

शॉर्टवेव्हवरचा आवाज लाटेसारखा येतो आणि जातो. यादी कसली ते निवेदकाने सांगितलं तेव्हा नुसती खरखर होती. मग आवाज एकदम वर आला, "प्रियदर्शनी मेश्राम, अध्यापिका, हट बे" एवढं स्पष्ट ऐकू आलं आणि पुन्हा सगळं बुडालं. नंतर हिंदीतलं एकच वाक्य धड लागलं, की हीच नावं नऊ वाजता पुन्हा वाचली जातील.

त्सुनामीला तिसरा दिवस होता. प्रियदर्शनी दोन वर्षांपासून अंदमानातल्या हट बे गावात सरकारी शाळेत शिकवत होती. रविवारी सकाळी समुद्र आत आला, तेव्हापासून त्या बेटावर एकही फोन लागत नव्हता. राकेश, तिचा धाकटा भाऊ, हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. तो सोमवारपासून रजा टाकून इंटरनेटवर मिळेल ती यादी उघडून बघत होता, मदतकेंद्राचे नंबर फिरवत होता. नंबर एकतर एंगेज लागत, नाहीतर कुणीतरी नाव लिहून घेऊन कळवतो म्हणत असे.

शालनबाईंनी मात्र पहिल्या दिवसापासून सेट धरला होता. मुलीची नेमणूक झाली तेव्हाच त्यांनी पोर्ट ब्लेअरचं केंद्र शोधून काढलं होतं, साठ मीटरच्या पट्ट्यात. दिवस मावळला की ते येरवड्याच्या त्यांच्या गच्चीवर लागे. मुलगी आहे तिथलं हवामान, कुठलं जहाज कधी सुटणार, असलं काहीबाही त्या रोज ऐकत. पुण्यातल्या माणसाला त्याचा काय उपयोग, असं राकेश आधी म्हणायचा. आता म्हणत नव्हता.

आवाज आणखी वर यावा म्हणून त्याने पाण्याच्या टाकीपासून सेटपर्यंत लांब तार बांधली होती. शालनबाईंनी नाव ऐकलं हे कळताच त्याने मोबाइल कानाला लावला आणि तो पुन्हा मदतकेंद्राचा नंबर फिरवत गच्चीवर येरझारा घालू लागला. तिसऱ्या फेरीला तार त्याच्या पायात अडकली. सेट कठड्यावरून खाली फरशीवर पडला.

शालनबाईंनी सेट उचलला, बटण फिरवलं. मीडियम वेव्हवर पुणे केंद्र खणखणीत लागलं. शॉर्टवेव्हवर काहीच नाही, साधी खरखरसुद्धा नाही.

"आई, मी..."

"पाना-पेचकस आण," त्या म्हणाल्या. "नंतर बोल."

शालनबाईंनी नगर रोडच्या एका रेडिओ कारखान्यात तेवीस वर्षं सोल्डरिंग केलं होतं. नवऱ्याला खडकीला नोकरी लागली म्हणून दोघं भंडाऱ्याहून आले आणि महिन्याभरात त्यांनीही कारखाना धरला. दिवसाला साडेतीनशे जॉइंट. कामाला दहा वर्षं झाली तेव्हा, एक्याऐंशी साली, त्यांना कारखान्याकडून हा सेट मिळाला. पुढे बाहेरचा माल स्वस्तात येऊ लागला, घरोघरी केबल आली, आणि चौऱ्याण्णव साली कारखान्याला टाळं लागलं. नवराही गेला. सेट चालत राहिला, कारण शालनबाई त्याला चालवत होत्या. रात्री झोपताना सेल काढून ठेवायचे. सेट उन्हात ठेवायचा नाही. वर्षातून एकदा उघडून मऊ ब्रशने आतली धूळ काढायची, बटणांचे संपर्क पुसायचे. हे त्या इतक्या नेमाने करत की शेजारणी हसत.

त्यांनी मागचं झाकण काढलं. राकेशने बॅटरी धरली. शालनबाईंच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, ऑपरेशनची तारीख जानेवारीतली होती. त्यांनी उजवा डोळा अगदी जवळ नेला. शॉर्टवेव्हच्या कॉइलची केसाएवढी तार पायापाशी, जिथे ती सोल्डर केलेली असते तिथे, तुटली होती. वर तिचं टोक दिसत होतं, पण ते पायापर्यंत पोचत नव्हतं.

दुरुस्तीची दुकानं बंद व्हायची वेळ होती, आणि एवढ्या बारीक तारेला हात लावणारा कुणी आता दुकानात बसत नव्हता. घरात सोल्डरिंगचा आयर्न नव्हता. साडेसात वाजले होते.

"लिमयेसाहेबांकडे चल," त्या म्हणाल्या.

शरच्चंद्र लिमये कारखान्यात तपासनीस होते. शालनबाईंच्या हातून गेलेला प्रत्येक जॉइंट त्यांनी भिंगाखाली पाहिला होता आणि पहिल्या वर्षी निम्मे परत पाठवले होते. ते सदाशिव पेठेत राहत. राकेशने मोटारसायकल काढली. शालनबाई मागे बसल्या, शालीत गुंडाळलेला सेट मांडीवर, एक हात त्यावर घट्ट. बंडगार्डनच्या पुलावर वाहनं अडकली होती. राकेश दोनदा फुटपाथवरून गेला. एरवी त्या ओरडल्या असत्या. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. शाळेच्या मास्तरणीचं नाव, हुद्दा आणि गाव इतकं पूर्ण कोण सांगेल? ती स्वतः सांगेल. किंवा तिला शोधणारा कुणीतरी.

लिमये चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले होते. दार त्यांनीच उघडलं. दहा वर्षांनी दारात उभ्या असलेल्या बाईंना त्यांनी या म्हटलं नाही. आधी शालीकडे पाहिलं.

"पाडलात?"

राकेशने सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर लिमयांनी टेबलावरची वर्तमानपत्रं खाली टाकली, दिवा ओढला, कपाटातून आयर्न आणि भिंग काढलं. तेव्हा शालनबाईंना त्यांचा हात दिसला. उजवा पंजा सारखा थरथरत होता.

"तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "चहा पितानासुद्धा निम्मा बशीत. डोळा मात्र शाबूत आहे. तुमचं?"

"हात चालतो. डोळा नाही."

"मग बसा."

आयर्न तापायला चार मिनिटं लागली. तेवढ्यात लिमयांनी भिंगातून सेट आतून पाहिला. सेलच्या जागी कुठे पांढरी बुरशी नव्हती, कुठे गंज नव्हता.

"किती वर्षं झाली याला?"

"तेवीस."

"आम्ही दहा धरली होती. नीट ठेवला तर पंधरा." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "हा अजून तेवीस चालेल. आपण नाही चालणार."

आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. शालनबाईंनी कॉइलवरचा अर्धा वेढा सुईने उकलला, म्हणजे तार पायापर्यंत पोचेल. त्याने डायल थोडी सरकणार होती, पण दुसरा इलाज नव्हता. टोकावरचं वार्निश त्यांनी ब्लेडने खरवडलं. जोर जास्त झाला असता तर तार तिथेच तुटली असती आणि मग उकलायला काही उरलं नसतं. डोळा जवळ न्यायला जागा नव्हती, त्यामुळे ब्लेड त्यांना दिसतच नव्हतं. बोटांना जे लागत होतं त्यावर त्या चालल्या होत्या.

"डावीकडे," लिमये कानाशी म्हणाले. "अजून. थांबा. आता खाली."

आयर्नचं टोक टेकलं. राखाडी धुराची एक रेघ वर आली.

"उचला."

त्यांनी उचललं. लिमये बराच वेळ भिंगातून बघत राहिले. राकेशने घड्याळ पाहिलं, आठ अडतीस.

"कारखान्यात मी हा परत पाठवला असता," लिमये म्हणाले. "पण धरलाय."

सेल घातले. शॉर्टवेव्हवर खरखर आली. राकेश भिंतीला टेकून खाली बसला. पण ती खरखर नव्हती, भणभण होती. ट्यूबलाइट, शेजारचे टीव्ही, वरच्या मजल्यावरचे कॉम्प्युटर, सगळ्यांचा मिळून एक आवाज. इमारतीच्या गच्चीवर गेल्यावर तो कमी झाला, पण थांबला नाही. डायल सरकल्यामुळे नेहमीच्या खुणेवर दुसरंच कुठलं तरी चिनी केंद्र लागत होतं. पावणेनऊ होऊन गेले होते.

लिमये जिना उतरायला लागले. राकेश मागे धावला, काय करायचं ते मी करतो म्हणाला.

"तुम्ही केलंत तर चोर म्हणतील," लिमये म्हणाले. "मी केलं तर म्हातारा चळला म्हणतील. ते चालेल."

दोन मिनिटांनी अख्ख्या इमारतीचे दिवे गेले. खालून दारं उघडल्याचे, कुणी कुणाला विचारत असल्याचे आवाज आले. फ्यूज गेला असेल, बघतोय, असं लिमये जिन्यातूनच शांतपणे सांगताना ऐकू आलं. गच्चीवर भणभण थांबली होती. शालनबाई डायल केसाएवढी, केसाएवढी फिरवत होत्या. एक तमिळ गाणं गेलं. एक शिट्टी गेली. मग तोच निवेदक लागला, दमलेला, शब्द तोडून बोलणारा.

"...जिनकी खोज की जा रही है, उनके नाम."

ही बेपत्ता लोकांची यादी होती.

शालनबाईंनी डायलवरचं बोट काढलं नाही. नाव, काम, गाव. नाव, काम, गाव. एकेक नाव सुरू व्हायचं आणि त्याच्या पहिल्या अक्षराला त्या कान आणखी जवळ न्यायच्या. "पी. मुरुगन, मछुआरा." "प्रभावती हलदर." आवाज बुडू लागला की त्या सेट छातीशी धरून वळवायच्या, वर आला की तशाच थांबायच्या. "हिरा शेलार, अध्यापिका, हट बे." अध्यापिका हा शब्द ऐकून राकेशने त्यांचा दंड पकडला. पण नाव दुसरंच होतं, आणि शालनबाईंना बरं वाटलं. त्या क्षणी फक्त बरंच वाटलं.

यादी संपली. निवेदक खोकला, कागद उलटल्याचा आवाज आला. मग जहाजाने पोर्ट ब्लेअरला पोचलेल्यांची, छावणीत असलेल्यांची यादी सुरू झाली. अकरावं नाव प्रियदर्शनी मेश्रामचं होतं.

राकेश रडायला लागला. शालनबाई रडल्या नाहीत. यादी शेवटपर्यंत ऐकून झाल्यावर त्यांनी सेट बंद केला, शालीत गुंडाळला आणि लिमयांना दिवे लावायला सांग म्हणाल्या.

फोन गुरुवारी दुपारी आला. फोनसाठी रांग होती, दोनच मिनिटं बोलता येणार होतं. प्रियदर्शनीचा घसा बसला होता. ती दोन रात्री मुलांना घेऊन टेकडीवर होती, असं तिने सांगितलं. अंगावर जखम नाही. जेवायला मिळतंय. मग ती म्हणाली, "आई, हिरा सापडत नाहीये. मीच तिचं नाव दिलंय रेडिओला. माझ्याच खोलीत राहायची. रविवारी सकाळी ती किनाऱ्यावर गेली होती."

शालनबाईंना गच्चीवरचा तो क्षण आठवला.

"तिच्या आईकडे ऐकायचं काहीच साधन नाहीये गं. भोरजवळच्या गावात असते. तू ऐकत राहशील? सापडलेल्यांच्या यादीत नाव आलं तर तिला कळवशील?"

शालनबाई ऐकत राहिल्या. रोज सात आणि नऊ. वही घेऊन बसायच्या, पेन्सिलीने नावं उतरवायच्या, कारण कोणाचं नाव कुणाच्या कामाला येईल सांगता येत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख त्यांनी पुढे ढकलली. जानेवारी अर्धा होईपर्यंत याद्या लहान होत गेल्या, मग एका संध्याकाळी वाचल्याच नाहीत. त्यापुढचे सहा दिवसही नाहीत. छावणीतल्या यादीत हिरा शेलार हे नाव एकदाही आलं नव्हतं.

राकेशचं म्हणणं होतं, पत्र टाकावं. शालनबाई स्वारगेटहून एसटीने गेल्या. भोरला उतरून जीपने पुढच्या गावात, तिथून चालत. हिराची आई, मुक्ताई, ओट्यावर शेंगा फोडत होती. तिने यांना ओळखायचं काही कारण नव्हतं, पण पुण्याहून आलेय आणि मेश्रामबाईंची आई म्हटल्यावर तिने सूप बाजूला सारलं आणि पदराने हात पुसले.

शालनबाईंनी सगळं सांगितलं. सरकारकडून अजून काही आलं नव्हतं, बेपत्ता एवढंच होतं. तीन आठवडे रोज दोनदा ऐकलं, असं सांगून त्यांनी वही पुढे केली. मुक्ताईला वाचता येत नव्हतं. तिने वहीची पानं हाताने नुसती उलटली, शेवटपर्यंत.

"रेडू जुना हाय म्हणत्यात तुमचा," ती म्हणाली. "पोरीनं चिठ्ठीत लिवलं व्हतं, तिच्या मैतरणीची आई जुन्या रेडूवर आमच्या बोटी ऐकती म्हनून."

"हो. जुना आहे."

"मग एखादं नाव सुटलं आसंल."

शालनबाईंना हो म्हणता आलं असतं. दोन संध्याकाळी हवा खराब होती, हेही खरं होतं. पण त्या दोन्ही संध्याकाळच्या याद्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाचल्या गेल्या होत्या, आणि त्यांनी पहाटे उठून त्या ऐकल्या होत्या.

"नीट ऐकू येत व्हतं का?" मुक्ताईने विचारलं.

"नीट ऐकू येत होतं," शालनबाई म्हणाल्या. "सेटमध्ये काही दोष नव्हता, मुक्ताताई. एक नाव सुटलं नाही माझ्या हातून."

मुक्ताईने वही मिटून शालनबाईंच्या हातात दिली आणि आत जाऊन चुलीवर भाकरीला तवा ठेवला. शेवटची एसटी पाच वाजता होती. शालनबाई त्या गाडीने गेल्या नाहीत. त्या आत जाऊन चुलीशी तिच्या शेजारी बसल्या.