सोळा पानं

"शेवट फार छान केलाय हो तुमच्या दादांनी," साहेब म्हणाले आणि त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. "डोळ्यांत पाणीच आलं माझ्या."

"मग नमुना घेऊन ठेवायचा होता साहेब," भांडार सांभाळणारे म्हणाले. "क्षार किती निघतात ते तरी कळलं असतं."

सगळे हसले. मोठ्या मॅडमही हसल्या. साहेबांचं बिस्कीट तेवढ्यात तुटून चहात पडलं, त्यालाही हसून झालं.

पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत दर शुक्रवारी साडेचार वाजता काम थांबायचं आणि 'सध्या काय वाचताय?' सुरू व्हायचं. प्रत्येकाने हातातल्या पुस्तकाबद्दल दोन शब्द बोलायचे आणि ते कोणी वाचावं ते सांगायचं. चौदा वर्षांपूर्वी मोठ्या मॅडमनीच ही प्रथा पाडली होती. मॅडम मुख्य तंत्रज्ञ. त्यांच्या हाताखालून गेलेल्या नमुन्याला फेरतपासणी लागत नाही, अशी त्यांची ख्याती. वाचनाची वहीसुद्धा त्यांनी नमुन्यांच्या वहीसारखीच आखून घेतली होती: पुस्तक, वाचणाऱ्याचं नाव, सुरू केल्याची तारीख, संपवल्याची तारीख, अभिप्राय, सही.

गेले आठ महिने या वहीत एकच पुस्तक पुन्हा पुन्हा येत होतं. मॅडमच्या मोठ्या भावाचं. दादाने अडतीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती केली आणि त्यातली शेवटची अकरा वर्षं खपून एक कादंबरी लिहिली. पदरमोड करून दोनशे प्रती छापल्या. त्यातल्या तेवीस मॅडमनी इथे वाटल्या होत्या. वहीत तेवीसपैकी बावीस नोंदी होत्या. 'अप्रतिम.' 'मनाला भिडणारं.' 'वास्तवाचं भान.' एकाने नुसतंच 'वा!' लिहून भली मोठी सही ठोकली होती. या सगळ्यांच्या वर, पहिली नोंद मॅडमची: तीन तारखेला सुरू, अकराला पूर्ण. 'ओघवती भाषा. सर्वांनी वाचावं.'

कप विसळून एकेक जण पांगला. जंतूबाई मात्र मागे थांबल्या. त्या जिवाणू विभागातल्या, म्हणून जंतूबाई. हे नाव त्यांना इतकं चिकटलं होतं की फोनवरही त्या स्वतःची ओळख तशीच करून देत.

"मॅडम, एक विचारू?" त्यांनी पिशवीतून दादाचं पुस्तक काढलं. "शहाण्णव पानानंतर माझ्यात परत एक्क्याऐंशी येतं. एक्क्याऐंशी ते शहाण्णव दोनदा. आणि मग एकदम एकशे तेरा. मधली सोळा पानंच नाहीत."

मॅडमनी पुस्तक हातात घेतलं. सवयीने आधी कडा पाहिली, मग शिवण.

"मला आधी वाटलं, मीच झोपेत परत मागचं वाचतेय," जंतूबाई म्हणाल्या. "शहाण्णवावर ती बहीण बॅग घेऊन दवाखान्याच्या दारात उभी आहे. आई आत. भाऊ तिच्याकडे बघतोय, काही तरी बोलणार आहे. आणि एकशे तेरावर आई गेलेली, तो एकटाच स्वयंपाक करतोय. बहीण कुठेच नाही! आता तो काय बोलला आणि ती गेली की राहिली, हे मला कळायला नको? आठ दिवस डोक्यात भुंगा लागलाय. तुमच्या प्रतीत आहेत ना ती पानं?"

त्या कादंबरीत एक बहीण आहे, हे मॅडमना त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

"आहेत की," त्या म्हणाल्या. "माझी प्रत नीट आहे. तुमचीच एखादी चुकून तशी आली असणार."

"मग सोमवारी आणाल?"

"आणते."

हे बोलताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. ज्या आवाजात त्या रोज आकडे सांगत, त्याच आवाजात त्यांनी हेही सांगितलं.

आणि सांगितलं ते जंतूबाईंना. चार वर्षांपूर्वी याच बाईंनी मुलीच्या शाळेत जायच्या घाईत, जंतू वाढवायच्या उबपेटीचं दार न उघडताच वहीत तापमान लिहिलं होतं. सदतीस. रोज सदतीसच असतं. त्या दिवशी पेटी बंद पडलेली होती. मॅडमनी लेखी तक्रार केली आणि जंतूबाईंची बढती दोन वर्षं अडली. "चुकीचा आकडा मी माफ करीन," मॅडम तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "न पाहिलेला आकडा नाही." वर्षातून दहा-बारा वेळा त्या इतर नमुन्यांमध्ये एक छुपा नमुना मिसळत. त्यात काय आहे ते फक्त त्यांना ठाऊक असे. कोण खरंच तपासतं आणि कोण नुसतं लिहितं, ते अशाने बरोबर कळतं.

घरी आल्यावर त्यांनी चप्पल काढण्याआधी कपाट उघडलं. दादाचं पुस्तक उशाशी असायचं ते केव्हाच कपाटात गेलं होतं. खूण म्हणून घातलेली गाळणकागदाची पट्टी एकतिसाव्या पानावर होती. तिथे लिफ्टच्या दोरांचं वर्णन सुरू होत होतं: किती पदर, कुठे झिजतात, वंगण कुठलं. तीन पानं सलग तेच. त्या रात्री त्यांना कंटाळा आला होता, बाकी काही नाही. उद्या वाचू म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं होतं. मग आठवडाभराने वहीचा रकाना रिकामा दिसायला लागला.

त्यांनी पानं उलटली. चौऱ्याण्णव, पंच्याण्णव, शहाण्णव. एक्क्याऐंशी.

उरलेल्या प्रतींचं खोकं पलंगाखाली होतं. त्यात सहा प्रती होत्या. सहाही तशाच.

मॅडम जमिनीवर बसल्या. तेवीस जणांना पुस्तक दिलं, बावीस जणांनी वाचलं म्हणून सही केली, विचारलं एकीने. एखाद्याने भिडेखातर तोंड उघडलं नसेल. एखाद्याला वाटलं असेल, हल्ली असंच लिहितात. शंकेचा फायदा चौघांना देऊ, पाच जणांना देऊ. साहेबांना द्यायचा का, हा हिशोब त्यांनी अर्ध्यावर सोडला, कारण यादीत पहिलं नाव त्यांचं स्वतःचं होतं.

रविवारी सकाळी त्या दादाकडे गेल्या. दादा तिसऱ्या मजल्यावर राहायचा आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. "जन्मभर लोकांना वर नेलं, आता माझे पाय मला नेतात," असं तो येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा. वहिनी गेल्यापासून ऐकायला येणारे कमी झाले होते.

"ये छोटे," तो म्हणाला. सत्तावन्न वर्षांची छोटी धापा टाकत खुर्चीत बसली. "दम खा आधी. पाणी देतो. आमच्याकडचं आहे, तपासल्याशिवाय पिशील ना?"

त्या पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "दादा, पुस्तकात चूक झालीय. बांधणीत. सोळा पानं नाहीत."

दादा हातातला चष्मा पुसत होता. तो थांबला नाही, पण पुसणं सावकाश झालं.

"कोणी सांगितलं?"

"आमच्या ऑफिसातल्या एक आहेत. त्यांनी विचारलं."

"विचारलं?" दादाचा चेहरा असा उजळला की मॅडमना तिकडे पाहवेना. "काय विचारलं? नेमकं काय म्हणाली ती?"

"म्हणाल्या, शहाण्णवावर बहीण दारात उभी आहे, पुढे काय झालं ते कळायला हवं. आठ दिवस डोक्यात भुंगा लागलाय म्हणाल्या."

"भुंगा!" दादा उठला. "बघ, म्हणजे वाचलंन् तिने. थांबून वाचलंन्." त्याने कपाटाचा खालचा खण ओढला. आत पाकिटं होती, टपालात घालतात तशी खाकी, चिकटपट्टीने बंद केलेली, एकावर एक रचून ठेवलेली. पन्नास तरी असतील. वरच्या पाकिटावर दादाचं सुबक अक्षर होतं: 'ज्यांनी विचारलं त्यांना.'

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. छापखानेवाला म्हणाला, सगळ्या परत बांधून देतो. मी म्हटलं, राहू दे. सोळा पानं वेगळी छापून दे पन्नास प्रती. जो येईल त्याला देऊ."

"असं कशाला करायचं पण? लोकांना काय वाटेल?"

"लोकांना वाटलं असतं तर ते आले असते." दादा खाली बसला. "छोटे, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आम्ही धावत नाही सुटायचो. आधी कान द्यायचो. आत माणूस असेल तर तो घंटा वाजवतोच. घंटा वाजली नाही, तर आत कोणी नाही. मग सावकाश जेवून गेलं तरी चालतं." तो हसला. "आठ महिन्यांत ही पहिली घंटा."

मॅडम पेल्याच्या तळाकडे पाहत राहिल्या. आठ महिन्यांपूर्वी याच खुर्चीत बसून दादाने विचारलं होतं, वाचलंस? आणि त्या म्हणाल्या होत्या, वाचलं की, छान झालंय. कुठलं आवडलं? सगळंच. तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, बरं. आणि चहा टाकायला उठला होता.

"दादा, कामाचा फार रगाडा होता रे त्या वेळी..."

"असतोच."

"मी सगळ्यांना सांगितलं वाचायला. तेवीस प्रती..."

"ते केलंस खरं," दादा म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्यांना बरं वाटलं असतं. भांडता तरी आलं असतं.

ती बहीण कोण, हे त्यांना शुक्रवारीच उमगलं होतं. आई दवाखान्यात होती तेव्हा त्या बॅग घेऊन निघाल्या होत्या. दुसऱ्या गावी शिकायला प्रवेश मिळाला होता आणि गाडीची वेळ झाली होती. दादाने शिक्षण सोडलं ते त्याच महिन्यात. दारात तो काही तरी बोलला होता का? त्यांना आठवत नव्हतं. गेली एकोणचाळीस वर्षं हा विषय दोघांनीही काढला नव्हता. दादाने त्याला सोळा पानं दिली होती.

त्याने एक पाकीट उचललं, त्यांच्या हातात दिलं. "तिला दे. आणि मध्ये फोडू नकोस हं. तिचं आहे ते."

खण अजून उघडा होता. पाकिटांच्या बाजूला एक वेगळं ठेवलेलं होतं, कोपरे मऊ पडलेलं. त्यावर फक्त 'छोटी' लिहिलं होतं. दादानेही त्यांची नजर पाहिली. मॅडमनी मागितलं असतं तर त्याने दिलं असतं, याबद्दल त्यांना शंका नव्हती. पण आता मागणं म्हणजे उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर प्रश्न विचारणं. त्यांनी हातातलं पाकीट पिशवीत घातलं.

दादाने खण गुडघ्याने आत ढकलला. "चहा टाकू?"

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पाकीट जंतूबाईंच्या टेबलावर ठेवलं.

"अय्या, छापील?" जंतूबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. "मला वाटलं तुमचं पुस्तकच आणाल. तुमच्या प्रतीत आहेत म्हणालात ना?"

'हो' म्हणणं सोपं होतं. 'घरी राहिलं' म्हणणं त्याहून सोपं.

"नाहीत," मॅडम म्हणाल्या. "माझ्या प्रतीतही ती पानं नाहीत. मला माहीत नव्हतं."

जंतूबाईंनी हात थांबवला. पाठीमागे पाणी गाळायचं यंत्र थेंब थेंब सोडत होतं.

"मला तुम्ही विचारलं होतंत," जंतूबाई म्हणाल्या, "दार न उघडता आकडा लिहिलात तरी कसा म्हणून."

"आठवतं."

"मी काही बोलले नव्हते तेव्हा. काय सांगणार? सोपं असतं हो मॅडम. हाताला सवय असते."

त्या हसल्या नाहीत. हिशोब चुकता झाल्याचा आनंदही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. त्यांनी पाकीट घेतलं आणि काचेच्या भिंतीपलीकडे, आपल्या विभागात, खिडकीजवळच्या स्टुलावर जाऊन बसल्या.

मॅडमनी वाचनाची वही काढली. प्रयोगशाळेचा नियम त्यांनीच नव्या माणसांना शिकवला होता: चुकीची नोंद खोडायची नाही, पान फाडायचं नाही, वर कागद चिकटवायचा नाही. एकच आडवी रेघ ओढायची, खाली काय लिहिलं होतं ते वाचता आलं पाहिजे. शेजारी सही आणि तारीख. त्यांनी लाल पेन घेतलं, पट्टी लावली आणि आठ महिन्यांपूर्वीच्या ओळीवर रेघ ओढली. 'ओघवती भाषा. सर्वांनी वाचावं.' अक्षरं रेघेखालून स्वच्छ दिसत होती. त्यांनी सही केली. खालच्या बावीस नोंदींना हात लावला नाही.

"मॅडम, शुक्रवारी नवीन पुस्तक सुचवा बुवा एखादं," साहेब जाता जाता म्हणाले. "दादांचं संपलं आता."

काचेपलीकडे जंतूबाई वाचत होत्या. डबा तसाच बंद होता. त्यांनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं. तिसऱ्यावर त्यांचं बोट ओळीवर थांबलं. त्यांनी मान वर केली आणि काचेतून सरळ मॅडमकडे पाहिलं, बराच वेळ, कुठल्या तरी माणसाकडे पहिल्यांदाच पाहावं तसं.

मग मान खाली घालून त्यांनी पुढचं पान उलटलं.